घरात खिडकी, घराला नाही

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मला त्याची सवय आहे. अख्ख्या नेब्रास्कात माझ्याइतकं पाहिलेली काच दुसरी नाही, आणि जिचं कुणी काही ऐकून घेतलं नाही अशीही दुसरी नाही.

मी एक जुनी खिडकी आहे. चार तावदानांची. खालच्या डाव्या तावदानाला तडा गेलाय, तो कसा गेला ते सांगण्यासारखं नाही, एका कोंबडीचा त्यात हात आहे. पण चौकट पाहा. हात फिरवून पाहा. बाकीच्या खिडक्यांना कुठे गिलावा चिकटलेला असतो, कुठे चुन्याचे ओघळ, कुठे चिखलाचे पोपडे. माझ्या लाकडावर मातीचा एक डाग सापडला तर मला फोडून चुलीत घाला. सुताराच्या हातून निघाले तशीच आहे मी अजून.

सध्या मी एझ्रा प्लंकेटच्या पुतणीच्या शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यामागच्या खोपटात असते. एका खिळ्याला लटकलेली. हा खिळा चौकोनी, लोहाराने हाताने ठोकलेला, आणि माझा जन्माचा सोबती आहे. मी जिथे जाईन तिथे हा बरोबर. बोलत मात्र नाही. मी काही सांगायला लागले की करकरतो, एवढंच. गंज चढलाय त्याच्यावर, तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म मिसूरी नदीच्या काठावर, गॉटलीब नावाच्या जर्मन सुताराच्या दुकानात झाला. काच पूर्वेकडून बोटीने आली होती, पेंढ्यात गुंडाळून. ती इतकी नितळ होती, की दुकानाच्या ओसरीवर मला उभी केली त्याच दिवशी दोन पाकोळ्या आणि एक पाद्री येऊन आपटले. पाद्री तर डोकं बाहेर काढून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायला गेला होता. नंतर तो प्रत्येक प्रवचनाआधी हवेत हात फिरवून पाही, मध्ये काच नाही ना, असं म्हणतात.

ऐकलंत? करकरला. करकरू दे.

गॉटलीब मला घासताना एक गोष्ट म्हणायचा. खिडकी दोन कामं करते. आतल्या माणसाला बाहेरचं दाखवते, आणि बाहेरून येणाऱ्याला सांगते की आत कुणीतरी आहे. आत कुणी नसेल तर ती खिडकी नव्हे, नुसती काच. मी तेव्हा नवी होते, मला वाटलं म्हातारा सहज बोलतोय. आता कळतं की तो मला शाप देत होता.

एझ्रा प्लंकेटने मला नेलं ते एका खेचराच्या सामानाच्या बदल्यात. त्याला घर बांधायचं होतं. इलिनॉयमधून त्याची नवरी यायची होती, आणि तिने लिहिलं होतं की खिडकीशिवाय मी राहणार नाही. मग तिने पुन्हा लिहिलं की खिडकी असली तरी राहणार नाही. घर राहून गेलं. एझ्राकडे उरलं एक खेचर, एक छकडा आणि मी. तेवढ्यात तो कायदा आला, आणि माझं नशीब फुटलं.

कायदा कागदावर चांगलाच होता. कोऱ्या माळावर येऊन राहा, घर बांधा, नांगर घाला, पाच वर्षं टिकून दाखवा, की तो तुकडा तुमचा. शेवटी कचेरीत जाऊन शपथ घ्यायची, आणि दोन साक्षीदार आणायचे. आमच्या तालुक्याच्या कचेरीत साक्षीदाराला एक प्रश्न हमखास विचारत. घरात काचेची खिडकी पाहिलीत का? कारण खिडकी नाही ते घर नव्हे, बीळ, असं तिथल्या साहेबाचं मत होतं.

आता मित्रांनो, तो प्रश्न नीट ऐका. घरात. घराला नव्हे.

हा फरक आधी कुणाच्या लक्षात आला असेल तर तो एझ्राच्या. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याचे कान फार तिखट होते. तो मला छकड्यात घालून गावोगाव न्यायला लागला. कुणाच्याही फळ्यांच्या झोपडीत शिरायचं, आत भिंतीवर हा खिळा ठोकायचा, त्यावर मला टांगायचं, साक्षीदाराला आत बोलवायचं. साक्षीदार मान वर करून बघे, मान खाली घालून बाहेर जाई. एझ्रा मला उतरवी, खिळा उपसून खिशात टाकी, आणि पुढच्या झोपडीकडे. मोबदला म्हणून कधी खारवलेलं डुक्कर, कधी तंबाखू, कधी काकवीचा डबा.

एकदा चर्चचा एक वडीलधारा साक्षीला आला होता. दाढी इथपर्यंत. त्याने मला पाहिलं आणि तो जरा चुळबुळला.

"एझ्रा, ही लटकलेली आहे रे."

"मग? लटकलेली खिडकी काय खिडकी नसते? मागच्या वर्षी तुम्ही त्या घोडेचोराला लटकवलंत, तेव्हा तो माणूस नव्हता का?"

"पण भिंतीला भोक नाहीये."

"भोकाबद्दल कुणी विचारणार आहे का तुम्हाला?" एझ्रा म्हणाला. "घरात खिडकी आहे का, एवढंच विचारतील. आहे ना घरात? मग तुम्ही खोटं कुठे बोलताय, काका? देवसुद्धा तेवढंच ऐकतो जेवढं विचारलंय."

काकांनी शपथ घेतली. रविवारी त्यांनी प्रवचनही केलं, आणि विषय होता सत्य.

मला राग येतो. तेव्हाही येत होता, आता जास्त येतो. तुम्हाला कल्पना नाही, खिडकीच्या पाठीशी भिंत असणं म्हणजे काय ते. तुमच्या डोळ्यांवर कुणीतरी तळहात दाबून धरावा आणि दुसऱ्याने विचारावं, काय दिसतंय सांग. मला फळ्या दिसत. पाइनच्या फळ्या, त्यातल्या गाठी, गाठींतून येणारा डिंक. आणि समोर एक रिकामी खोली, जिच्यात कुणी एक दिवस झोपलेलं नाही, कुणी एक भाकरी भाजलेली नाही. या रिकामपणाच्या बाजूने मी साक्ष देत होते. मला तोंड नव्हतं म्हणून माझी साक्ष सगळ्यांत पक्की मानली जायची.

यातल्या बहुतेक झोपड्या कर्नल ल्यूशस ब्रॅडिश नावाच्या माणसाच्या होत्या. म्हणजे नावावर दुसऱ्यांच्या. गुत्त्यात पडलेल्या माणसांना तो दारू पाजून कचेरीत उभं करी, जमीन त्यांच्या नावावर करून घेई, आणि मग त्यांच्याकडून आपल्या नावावर. तो कर्नल कुठल्या फौजेत होता ते फौजेलाही ठाऊक नव्हतं. झोपडीसुद्धा एकच होती. तिला खाली चाकं होती. खोकाच तो. आज या तुकड्यावर, उद्या त्या तुकड्यावर. चाकांवरचं घर आणि खिळ्यावरची खिडकी, असा तो आमचा संसार.

पुढे पूर्वेकडून एक गोष्टी लिहिणारा गृहस्थ आला. गुत्त्याच्या ओट्यावर मला टेकवून ठेवलं होतं, तेव्हा माझ्याआडून त्याने कर्नलला पाहिलं, आणि दहा सेंटांच्या पुस्तकात लिहिलं की या वीराने एकट्याने, दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन, एका झऱ्याचं दरोडेखोरांच्या टोळीपासून रक्षण केलं. मी तिथे होते. कर्नलने आयुष्यात एकच गोळी झाडली, ती एका बिळातल्या बिज्जूवर, आणि ती लागली स्वतःच्याच पाण्याच्या पिंपाला. पण पुस्तक छापलं गेलं. शाळेत गेलं. आज त्या गावाचं नाव ब्रॅडिशव्हिल आहे, आणि चौकात त्याचा पुतळा आहे, दोन पिस्तुलांचा. एका पिस्तुलावर पाखरं बसतात. दुसऱ्यावर तीही बसत नाहीत.

आणि त्या झऱ्याचं खरं नाव पुस्तकात कुठेही नाही. तो हल्डाचा झरा होता.

हल्डा लिंडक्विस्ट ही स्वीडिश बाई. नवऱ्याबरोबर आली होती, पहिल्याच उन्हाळ्यात तो विषमज्वराने गेला. सगळे म्हणाले आता परत जाईल. ती गेली नाही. त्या माळावर झाड नव्हतं, म्हणून घरं बांधायची ती नांगराने उपटलेल्या गवताच्या ढेपांची, एकावर एक रचून. तिचं घर तसं होतं. छपरावर उन्हाळ्यात फुलं येत, आणि एकदा तिची गाय चरत चरत छपरावर जाऊन आढ्यावर उभी राहिली होती. बाहेरून ते घर म्हणजे एक हिरवा उंचवटा. आत मात्र झाडलेली जमीन, रानगव्यांच्या गोवऱ्यांवर पेटलेली शेगडी, आणि कॉफीचा वास.

तिच्याही घराला खिडकी होती, खरं तर नव्हती. नवऱ्याने स्वीडनमधून काच आणली होती, पण छकड्याच्या धक्क्यांनी ती पोचली तेव्हा तिची पूड झाली होती. भिंतीत भोक ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं. त्यावर तिने तेलात भिजवलेली पिठाची पिशवी ताणून बसवली होती. उजेड यायचा, पण पिवळा, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा.

एझ्रा प्रत्येक फेरीत तिच्या झऱ्यावर खेचराला पाणी पाजायला थांबे. ती मला छकड्यातून उतरवी. व्हिनेगर आणि फडक्याने पुसे. मित्रांनो, त्या सगळ्या वर्षांत मला पुसणारी ती एकटी. बाकीच्यांना मी मळकी असले तरी चालत होतं, कारण माझ्यातून कुणाला काही बघायचंच नव्हतं. एकदा तिने एप्रनची नाडी सोडली आणि माझी लांबीरुंदी मापली. मग आत जाऊन भोकाला तीच नाडी लावून पाहिली. बाहेर आली ती नाडी पुन्हा एप्रनला बांधत. मला कळलं. माप जुळत होतं.

एका हिवाळ्यात हिमवादळ आलं आणि एझ्रा तिच्याकडे अडकून पडला. त्याने मला बाहेर भिंतीला टेकवलं होतं, पश्चिमेकडे तोंड करून. थंडी अशी पडली की सूर्य मावळता मावळता माझ्या काचेवर गोठला. सूर्य गेला, सूर्यास्त राहिला. लाल, केशरी, कडेला जरा जांभळा. हल्डाने मला आत नेलं, टेबलाशी उभी केली, आणि थंडी उतरेपर्यंत ती त्या उजेडात पाव भाजत होती, मोजे विणत होती, दिव्यात तेल म्हणून घातलं नाही. मार्चमध्ये तो वितळला आणि जमिनीवर ओघळला. फळ्यांवर त्याचा डाग पडला तो कितीही घासला तरी गेला नाही.

हो, करकर. याने फक्त करकरावंच. त्या घराला लाकडी फळ्या नव्हत्या, मातीची जमीन होती, हे मलाही माहीत आहे. मातीवर पडला डाग. झालं समाधान?

पुढच्या वसंतात झऱ्यावर एक म्हातारी आली. त्या माळावरच्या मूळ रहिवाशांपैकी, पॉनी जमातीतली. तिच्या लोकांना सरकारने दक्षिणेकडे हलवलं होतं, ती मात्र मागे राहिली होती, की परत आली होती, ते तिने सांगितलं नाही. तिने आपलं नाव सांगितलं, हल्डाने ते म्हणून पाहिलं, जमलं नाही, तेव्हा म्हातारीने हात हलवून सोडून दे म्हटलं. मी छकड्याला टेकून उभी होते. म्हातारी माझ्यासमोर बसली, माझ्यातून पलीकडे पाहिलं, मग मागे येऊन अलीकडे पाहिलं.

"हे कशाला लागतं?" तिने विचारलं.

एझ्राने सांगितलं. तो फुशारकीने सांगायला लागला होता, पण सांगता सांगता त्याचा आवाज बसत गेला. घर आहे हे सिद्ध करायला. कुणीतरी तिथे राहतं हे सिद्ध करायला. म्हातारी समोरच्या टेकाडाकडे बघत होती. तिथे गवतात मोठमोठे गोल खळगे होते, मला वाटे पाण्याने पडलेत.

"आमचं घर तिथे होतं," ती म्हणाली. "मातीचं, गोल. दार उगवतीला. वर मधोमध भोक. त्यातून धूर जायचा, आणि रात्री तारे दिसायचे. माझ्या आईची आई तिथे राहिली. आम्हाला कुणी विचारलं नाही घरात काच आहे का. नुसतं म्हणाले, इथे कुणी राहत नाही."

हल्डाने तिला पाव दिला, कॉफी दिली. दुसरं काय देणार? जी जमीन हल्डाची व्हायची होती, ती आधी कुणाची तरी होतीच, आणि हे त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या दारात येऊन बसलं होतं. म्हातारीने पाव घोंगडीच्या टोकात बांधला. जाताना तिने माझ्या काचेवर बोटाने एक टिपका काढला. तारा असेल, की डाग असेल. हल्डाने पुढे कितीदा मला पुसलं, पण तो टिपका सोडून पुसलं.

इथे हा करकरला नाही, बघा.

त्या वर्षी टोळ आले आणि मका गेला. हल्डा हिवाळाभर रेल्वेच्या तळावर स्वयंपाकाला गेली, सगळेच जात होते. परत आली तर झऱ्याच्या काठावर, तिच्या जमिनीवर, चाकांचा तो खोका उभा. दारात कर्नलचा एक माणूस पाय पसरून बसलेला. कर्नलने कचेरीत तक्रार दिली होती की बाई जमीन सोडून गेली, आणि तिथे तिचं घर नाहीच, नुसता गवताचा ढिगारा आहे. घर आहे ते आमच्या माणसाचं. तक्रार झाली म्हणून या वेळी कचेरीचा साहेब स्वतः येऊन दोन्हीकडे बघणार होता, आणि जागेवरच शपथा घेणार होता. तिची पाच वर्षं भरत आली होती. एक काच, आणि पाच वर्षं.

साहेब यायच्या आदल्या दुपारी हल्डा एझ्राच्या छकड्यापाशी आली. तो चाकाला चरबी लावत होता. तिने मला पाहिलं, मग त्याला.

"एझ्रा, मला ही खिडकी हवी."

"बाई, उद्या ना? कर्नलसाहेबांनी आधीच सांगून ठेवलीय. तुम्हाला परवा देतो, तुम्ही म्हणाल तिथे टांगतो."

"परवा मी कुठे असेन? आणि टांगायला नकोय मला. बसवायला हवी. चिखलात, पक्की. पुन्हा निघणार नाही अशी."

"कायमची?" एझ्रा हसला. "मग मी खाऊ काय? हीच माझी शेती आहे, बाई."

"तुझं खेचर कुणाचं पाणी पितं?"

 एझ्रा पुन्हा चाकाला चरबी लावायला लागला, जिथे आधीच लावली होती तिथे.

"माझ्या भिंतीत भोक आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आहे. त्या खोक्याला खिडकी आहे पण भोक नाही. तुला दोन्ही ठाऊक आहे. उद्या साहेबाला हे सांगू शकेल असा या माळावर तू एकटा आहेस." मग ती जायला वळली. "मी तुला शपथ घाल म्हणत नाहीये. नुसती खिडकी जिथली आहे तिथे लाव."

ती गेली. एझ्रा चाकापाशी बसून राहिला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, कारण मला त्याने उलटी ठेवली होती, आकाशाकडे तोंड करून. आकाशात काही नव्हतं. मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. भेकडा. खिळेविक्या. तुझी नवरी आली नाही ते बरं झालं, तिलाही तू खिळ्याला टांगली असतीस.

आणि सकाळी तो निघाला. जिथे वाट फुटते, डावीकडे झरा आणि खोका, उजवीकडे हल्डाचं दार, तिथे खेचर सवयीने डावीकडे वळलं. एझ्राने लगाम खेचला. खेचर थांबलं. त्याने तोंडातली तंबाखू थुंकली, आणि ज्याने आयुष्यात एकही सरळ काम केलं नव्हतं त्या माणसाने खेचराचं तोंड उजवीकडे वळवलं.

हल्डाने पिठाची पिशवी एका झटक्यात फाडली. एझ्राने मला उचलून भोकात ठेवलं. मित्रांनो, मी बसले. इकडे बोटभर फट नाही, तिकडे नाही. हल्डाने झऱ्याचं पाणी घालून चिखल मळला, त्यात चिरलेलं गवत घातलं, आणि दोन्ही हातांनी माझ्याभोवती लिंपला. गार होता. मला आयुष्यात पहिल्यांदा पाठीशी भिंत नव्हती. एका बाजूला शेगडी, चादर, कॉफीची किटली. दुसऱ्या बाजूला माळ, अगदी टोकापर्यंत, आणि टेकाडावरचे ते गोल खळगे. दोन्हीकडचं मी एकदम पाहिलं. गॉटलीब म्हणायचा ते हेच.

साहेब आला, बरोबर कर्नल. साहेब टेबलाशी बसला, त्याने कागद काढला, लेखणी बुडवली, आणि मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं, "बाई, घरात काचेची खिडकी आहे का?"

हल्डा म्हणाली, "साहेब, तुम्ही कशाच्या उजेडात लिहिताय?"

त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग कर्नलकडे पाहिलं. मग उठून खोक्याकडे गेला, आत भिंतीवर एक भोक पडलेलं दिसलं, खिळ्याच्या जाडीचं, बाकी काही नाही. त्याने तिथल्या तिथे जमीन हल्डाच्या नावाने लिहिली. कर्नलचा चेहरा असा पडला की तो उचलायला दोन माणसं लागली. खोका उतारावरून सुटला, वाऱ्याने धरला, आणि अजून चालतोच आहे. वायोमिंगमध्ये काही लोकांनी त्याला पाहिलंय म्हणे, दार उघडं, आत कुणी नाही.

अशी माझी हकिगत. हे शेवटचं सांगताना हा खिळा एकदाही करकरला नाही, म्हणजे बघा किती खरी असेल.

तेव्हा मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरच्या खिडकीची काळजी घ्या. तिला पुसत जा. तिच्यासमोर कपाट सरकवू नका. कुणी विचारलं की घरात खिडकी आहे का, तर त्याला आधी विचारा की घराला आहे का. आणि कुठल्याही पुतळ्यावर विश्वास ठेवण्याआधी तो ज्या पाण्याच्या नावाने उभा आहे ते पाणी कुणाचं ते विचारा. खरं बोलणाऱ्या माणसाच्या घरात उजेड आपोआप...

"थांब, बये."

हा खिळा बोलला. इतक्या वर्षांनी.

"पाद्री आपटला म्हणालीस, मी नुसता करकरलो. सूर्यास्त गोठला म्हणालीस, पुन्हा करकरलो. त्यात कुणाचं काही गेलं नाही. पण हे खोटं आहे. भिंतीत लिंपलेल्या खिडकीला खिळा कशाला लागतो? मग मी इथे कशाला आहे? आणि तुझ्या चौकटीवर मातीचा डाग का नाही? मघाशी तूच मिरवलंस. एझ्राने लगाम खेचला नाही. खेचर डावीकडे गेलं. मला खोक्यात ठोकलं, तुला माझ्यावर टांगलं, साक्षीदाराने शपथ घेतली. हल्डाला विचारलं, तुझ्या घरात खिडकी आहे का. ती म्हणाली, भोक आहे. साहेबाने तेवढंच लिहिलं, आणि झरा कर्नलच्या माणसाच्या नावावर गेला. मग ती बाहेर आली, आणि खोक्याच्या भिंतीवर तळहात ठेवून चालायला लागली. चारी बाजूंनी. हळूहळू, फळी फळी चाचपत. आत तू होतीस. ती बाहेरून तुला शोधत होती."